पाठीमागून पाहिलेला चेहरा

आमच्या नळदुर्गाच्या बाजूला बहुतेक देव्हाऱ्यांत टाक असतात. बोटभर उंचीचे चांदीचे पत्रे, आणि त्यांवर मागून ठोकून उठवलेल्या मूर्ती. त्यांत भवानी असते, खंडोबा असतो, भैरव असतो. आणि त्यांच्याच रांगेत घरातली गेलेली माणसेही असतात. ज्याला अवेळी किंवा अपघाताने मरण आले, त्याची घोड्यावर बसलेली मूर्ती उठवून त्याचा 'वीर' करतात आणि देवांशेजारी जागा देतात. दसऱ्याला हे टाक चिंचेने उजळले जातात. पिढ्यान्‌पिढ्या घासून जुन्या टाकांचे चेहरे इतके झिजतात, की देव कोणता आणि आजोबा कोणते हे घरच्यांनाही सांगता येत नाही. दोघांनाही गंध तेच लागते.

मी पाठशाळेतून शिकून परतलो तेव्हा निजामाचे राज्य होते आणि दूरदेशी महायुद्ध चालू होते. पंचक्रोशीतल्या प्राणप्रतिष्ठेची कामे वडिलांमागे माझ्याकडे आली. त्या निमित्ताने किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका सोनाराशी माझा निकटचा संबंध आला. ते माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठे होते. मी त्यांना काका म्हणत असे आणि ते मला, वयाची तमा न बाळगता, महाराज. दागिन्यांची कामे त्यांनी भावाकडे सोडली होती. स्वतः फक्त टाक घडवत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. तो ते लपवीत नसत.

त्यांच्या कामाच्या खोलीला उंचावर एकच झरोका होता. जमिनीवर राळेचा गोळा, त्यावर उलटा बसवलेला पत्रा आणि शेजारी बोथट-टोकदार खिळ्यांची रांग. देवाचे रूप घडवायचे असले की ते मला ध्यानश्लोक म्हणायला लावीत. मी एक चरण म्हणून अर्थ सांगायचा, की ते डोळे मिटून मान हलवायचे.

"हात किती, कोणत्या हातात काय, ते तुमी सांगा," ते एकदा म्हणाले. "पण देवीची कंबर कुठं मोडती ते तुमच्या श्लोकात न्हाय. ते म्या मंगळवारच्या बाजारात बघतो. डोईवर पाटी घेतलेली बाई उतारावरनं येताना बघितली की समजतं."

"देवीचे ध्यान बाजारात करता तर," मी म्हणालो.

"देवळात समद्या बाया उभ्याच असत्यात, म्हाराज. चालत न्हाईत."

मला ते बोलणे तेव्हा रुचले नाही आणि तसे मी सांगितलेही. ते हसले आणि पुढचा चरण मागितला. आमचे असेच चाले. ते त्यांच्या जागी, मी माझ्या.

त्यांच्या कलेतली एक गोष्ट मात्र मला पहिल्या दिवसापासून अस्वस्थ करीत आली. मूर्तीचा जो भाग पुढून फुगीर दिसणार, तो त्यांना काम करताना खोल दिसे. नाक म्हणजे एक खाच, गाल म्हणजे दोन वाट्या. एके दुपारी त्यांनी मला त्या खोलगट चेहऱ्यासमोर बसवले आणि म्हणाले, "आता नजर न काढता जरा डावीकडं सरका." मी सरकलो. चेहरा माझ्याबरोबर वळला. मी उजवीकडे झुकलो. तोही उजवीकडे झुकला. एवढासा, अंगठ्याच्या नखाइतका, डोळे नसलेला चेहरा.

"पुढचा चेहरा कुणाकडं बघत न्हाय," काका म्हणाले. "मागचा बघतो. गिऱ्हाईक पुढनं बघतं. म्या जल्मभर मागनं बघतोय."

डोळे ते शेवटी काढीत, आणि तेवढेच काम पुढून होई. यजमानाच्या घरी, देव्हाऱ्यासमोर, मी नेत्रोन्मीलनाचा मंत्र म्हटल्यावर ते बारीक खिळ्याने दोन टिंबे उमटवीत. तोवर तो टाक म्हणजे चांदीचा तुकडा. त्यानंतर त्याला नैवेद्य लागे.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला घेतले तो सांगतो.

जळकोटच्या एका शेतकरी घरातला थोरला मुलगा भुईमुगाच्या शेंगा गाडीत भरून सोलापूरच्या बाजाराला निघाला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी त्याच्याविना परत आली. बैल दारात येऊन उभे राहिले. पोती जशीच्या तशी, शिवणही उसवलेली नाही. त्याची घोंगडी घडी करून जुवाजवळ ठेवलेली. निजामाच्या सरहद्दीवरच्या करोडगिरी, म्हणजे जकात, नाक्यापर्यंत माणसे शोधत गेली. त्याला पाहिल्याचे पुष्कळांनी सांगितले, पण नाका ओलांडल्याचे कोणी सांगेना. विहिरी पाहिल्या, ओढे पाहिले. काही सापडले नाही.

त्या दिवसापासून त्या जोडीतला एक बैल तिन्हीसांजेला दावणीत तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत उभा राही आणि दिवा लागेपर्यंत वैरणीला तोंड लावीत नसे. मी ते स्वतः पाहिले आहे. बैलाला वाटेची सवय असते, असे मी मनाशी म्हटले. पण त्या अंगणात फार वेळ थांबावेसे वाटले नाही.

दोन-तीन वर्षे अशी गेली. मग मुलाच्या आईला स्वप्ने पडू लागली. मुलगा अंगणात उभा आहे आणि बसायला जागा मागतो आहे. ती त्याला पाट देते, तर तो म्हणतो, इथे नाही, आत. एवढ्यावर म्हातारीचा निश्चय झाला. मुलगा गेला आहे, तो बाहेर तिष्ठतो आहे, त्याचा वीर करून त्याला देव्हाऱ्यात जागा दिली पाहिजे.

घरात त्या मुलाची बायको होती. लग्नाला पुरते वर्षही झाले नव्हते तेव्हा तो गेला. ती अजून कुंकू लावीत होती. वीराचे डोळे उघडले, की त्याच दिवशी तिचे कुंकू पुसले जाणार, हे सर्वांना माहीत होते. त्यामुळे त्या घरात टाकाविषयी जे बोलणे होई ते तिच्याविषयीच असे.

म्हातारी धाकट्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मी तिला शास्त्र सांगितले. ज्याचा ठावठिकाणा नाही त्याची बारा वर्षे वाट पाहावी. मग दर्भाची आकृती करून तिला अग्नी द्यावा. तोवर तो जिवंतच मानावा.

"बारा वरसं म्या ऱ्हाती का?" ती म्हणाली. "तुमचं शास्तर त्याला सांगा. रोज अंगणात उभा असतोय त्यो."

"माय, स्वप्न हे मरणाचे प्रमाण होत नाही."

"तुमास्नी लेकरू न्हाय, म्हाराज. म्हणून परमाण लागतं."

मी प्रतिष्ठेला नकार दिला. ती तिथून उठली ती थेट सोनारकाकांकडे गेली. काकांनी काम घेतले आणि मला म्हणाले, "घडवाय काय हरकत हाय? डोळं तर तुमच्या मंत्राबिगर उघडत न्हाईत." मी त्याला हरकत घेतली नाही.

गेलेल्या माणसाचा टाक करायचा तर काका त्याच्या घरी जाऊन बसत. चेहरा कसा होता असे कधी विचारीत नसत. नखाएवढ्या जागेत चेहऱ्याचे साम्य मावत नाही, असे त्यांचे मत होते. ते एकच विचारीत, तो बसायचा कसा? माणूस घोड्यावर नीट बसला की घरचे त्याला ओळखतात, असे ते म्हणत. त्या दिवशी मीही त्यांच्यासोबत जळकोटला गेलो होतो.

"पुढं वाकून बसायचा," आई म्हणाली. "कुणीतरी हाक मारंल आन्‌ उठावं लागंल, असा."

"छ्या," धाकटा म्हणाला. "मागं रेलून. लई ऐट. सासुरवाडीला आल्यावानी आपल्याच घरात बसायचा."

"तू गप. तुला त्यानं मारलं म्हणून तुला ऐट दिसती."

काकांनी आतल्या दाराकडे पाहिले. दाराआड सून उभी होती. पदराचा काठ आणि एक पाऊल एवढेच दिसत होते.

"सूनबाईनं सांगावं," ते म्हणाले.

म्हातारी म्हणाली, "तिला काय ठाऊक." तेव्हा आतून आवाज आला.

"मला बसलेलं न्हाय ठाऊक. समोर बसायची रीत न्हाय आमच्यात. म्या मागनं बघितलंय. गाडी जाताना. डावा खांदा जरा खाली, आन्‌ मान तशीच उजवीकडं."

काका सावरून बसले. मी त्यांना इतके सावध झालेले क्वचितच पाहिले. आईचे आणि भावाचे त्यांनी ऐकून घेतले होते. हिचे ऐकताना त्यांची बोटे मांडीवर चालू लागली होती.

आम्ही निघताना ती मागच्या परसात भांडी घासत होती. वर न पाहता ती म्हणाली, "काका, समदं करा. डोळं तेवढं नगा काढू."

वाटेने काका म्हणाले, "पाठमोरा माणूस कुणी सांगितला न्हवता आजवर. ही एकटीच माझ्या बाजूनं बघणारी भेटली."

टाक घडत आला तेव्हा त्यांनी मला बोलावणे पाठवले. दुपारची वेळ होती, झरोक्याचा उजेड सरळ राळेवर पडत होता. पत्रा उलटाच होता. घोडा, लगाम, कललेला खांदा, सारे खोलगट आणि स्वच्छ. "बसा समोर," ते म्हणाले, "आन्‌ सरका."

मी डावीकडे सरकलो. मग उजवीकडे. चेहरा हलला नाही. खड्डा खड्डाच राहिला. मी जागा बदलली, एक डोळा मिटून पाहिले. काही नाही.

"खोली कमी पडली असेल," मी म्हणालो.

"खोली म्या खिळ्यानं मोजतो, म्हाराज. इतके वीर केले. समदे वळले. ह्यो वळंना. ह्यो हितं न्हायच."

मी शास्त्र वाचलेला माणूस. पत्र्याच्या खळग्यावरून जीवन-मरण ठरवणे मला मान्य नव्हते, आजही नाही. पण त्या खोलीत बसून, समोरच्या त्या न पाहणाऱ्या चेहऱ्याकडे पाहत, माझ्या अंगावर काटा आला हे खरे आहे. मरणाची चाहूल लागून तो येतो असे मी ऐकले होते. कोणी नसल्याच्या जाणिवेनेही तो येतो, हे तेव्हा कळले.

काकांनी टाक डोळ्यांवाचून म्हातारीला दिला आणि सांगितले, की बारा वर्षांनी महाराजांना घेऊन येतो. तिने तो पदरात बांधून नेला. आम्हांला वाटले, विषय तिथे थांबला.

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी म्हातारीने पोती शिवण्याचा दाभण घेतला आणि देव्हाऱ्यासमोर बसून त्या टाकाला आपल्या हाताने डोळे दिले. मंत्र नाही, ब्राह्मण नाही, सोनार नाही. लेकराला काजळ आईनेच घालायचे असते, मग डोळे द्यायला परका कशाला, असे ती नंतर म्हणाली. दुपारी शेजारच्या बायका जमल्या. सुनेचे कुंकू म्हातारीने स्वतः पुसले. सून रडली नाही, असे मला सांगण्यात आले.

पुढच्या आठवड्यात मी त्या घरी गेलो. उशीर झाला होता आणि करण्यासारखे काही उरले नव्हते, तरी गेलो. तो टाक मी पाहिला. दाभण जाड, हात थरथरता. एक डोळा सरळ उमटला होता, दुसरा कोपऱ्याकडे सरकला होता. त्यामुळे वीराची नजर पूजा करणाऱ्याकडे नव्हती. ती खोलीच्या दाराकडे होती. घरातली माणसे त्या दारातून ये-जा करताना नकळत बाजूला होत, कोणी समोरून येत असल्यासारखी. धाकट्याच्या बायकोने तर परसातून फिरून यायची वाट धरली होती. म्हातारी मात्र समाधानी होती. तिची स्वप्ने थांबली होती.

"आत आला बघा," ती मला म्हणाली.

महायुद्ध संपल्यावर काही महिन्यांनी तो मुलगा परत आला.

चालत आला, अंगात खाकी सदरा, अर्धे केस पांढरे. त्याची हकीगत साधी होती. नाक्यावर गाड्यांची रांग होती. सोलापूरला सैन्यात भरती चालू असल्याचे तिथल्या पोरांकडून कळले. त्यांच्याबरोबर तो पायवाटेने सरहद्द ओलांडून गेला. बैलांची तोंडे गावाकडे करून त्याने कासरा सोडून दिला, कारण ते घर ओळखत होते. घरी सांगितले असते तर आईने जाऊ दिले नसते. मग समुद्रापार लढाई, तिथे शत्रूच्या कैदेत काही वर्षे, मग दवाखान्यात. पत्र लिहिण्याची सोय नव्हती, आणि सोय झाली तेव्हा काय लिहावे हे सुचेना.

तो दारात उभा राहिला तेव्हा भावाने ओळखले, शेजाऱ्यांनी ओळखले. आई देव्हाऱ्यापाशी होती. तिने वळून पाहिले आणि पुन्हा टाकाकडे तोंड केले.

"माझा ल्योक हितं हाय," ती म्हणाली. "त्यो बाहेर कोण हाय त्याला पाणी द्या आन्‌ जाऊ द्या."

आरडाओरडा नाही, रडणे नाही. ती भ्रमिष्टही झालेली नव्हती. स्वयंपाक, गुरे, वाटेकऱ्याशी बोलणे, सारे नीट. फक्त तो समोर आला की तिची दृष्टी त्याच्या आरपार जाई. जेवणाचे पहिले ताट ती टाकापुढे ठेवी. जिवंत मुलगा गोठ्यात झोपू लागला.

मला बोलावणे आले. शास्त्रात या स्थितीला वाट आहे. मृत मानलेला मनुष्य परतला तर त्याला नवजात समजावे, तुपाच्या कुंभातून जन्मल्यासारखा काढावा, जातकर्मापासून संस्कार पुन्हा करावेत आणि त्याने आपल्याच पत्नीशी पुन्हा विवाह करावा. इथे मृत्यूचा विधी मंत्राने झाला नव्हता. पण एका स्त्रीचे कुंकू पुसले गेले होते, आणि तो विधी कोणत्याही मंत्राहून कमी नसतो. मी संस्कारांना संमती दिली.

जातकर्माला आई लागते. आई तयार नव्हती. त्याहून मोठी अडचण सुनेने घातली. शेजारच्या एका वयस्क बाईने तिला म्हटले, "पोरी, मालक दारात आलाय, आता लाव की कुंकू. म्या लावते." सून मागे सरली.

"ज्या हातानं पुसलं त्या हातानं लावावं," ती म्हणाली. "दुसऱ्याचं मला नगं. उद्या सासूबाई म्हणत्याल, परक्याच्या घरात शिरली."

तिचे बरोबर होते. सासूने त्याला मुलगा म्हटल्याशिवाय तिचा नवरा तिला मिळत नव्हता. ती पांढऱ्या कपाळाने गोठ्यात भाकरी नेऊन ठेवी आणि तो पाठमोरा असेल तेव्हाच नेई. असे बरेच दिवस चालले. तिन्हीसांजेला तो रस्त्याकडे पाहणाऱ्या बैलापाशी बसून राही. बैल अजूनही रस्त्याकडेच पाही.

शेवटी मी काकांना घेऊन गेलो. काका देव्हाऱ्यासमोर बसले, टाक निरखला आणि म्हातारीला म्हणाले, "आत्याबाई, दाभणानं कुणी डोळं देतं का? तिरळा केलाय."

"तुमी दिलं असतं तर म्या कशाला दिलं असतं?"

"पाण्यात सोडूया. नदीला पाणी हाय."

"डोळं उघडं हाईत त्याचं," ती म्हणाली. "बघणाऱ्याला पाण्यात कसं टाकू? गुदमरंल."

मला विसर्जनाचे वचन ठाऊक होते. मी ते म्हटले नाही. काकांनी पिशवीतून राळेचा गोळा काढला, चुलीवर मऊ केला.

"मग मिटू या आधी," ते म्हणाले. "पुढनं दिलेलं डोळं मागनं मिटत्यात. पण तुमी माझ्या शेजारी बसा. आईच्या परवानगीबिगर म्या हात लावनार न्हाय."

त्यांनी पत्रा पालथा करून राळेत बसवला. पुढून पडलेले दोन खळगे मागून दोन बारीक उंचवटे झाले होते. म्हातारी त्यांच्या शेजारी येऊन टेकली, आणि टेकता टेकता थबकली.

"वळला," ती म्हणाली.

मी तिच्या मागे उभा होतो. मीही पाहिले. तो खोलगट चेहरा, जो त्या दुपारी माझ्यासाठी हलला नव्हता, म्हातारी जशी खाली बसली तसा तिच्या बाजूने वर वळला. उजेडाचा फरक असेल. ती खोली वेगळी, वेळ वेगळी. मी कारण शोधले नाही.

"मिटू का?" काकांनी विचारले.

तिने मान हलवली. त्यांनी बोथट खिळा पहिल्या उंचवट्यावर टेकवून हातोडीने हळूच दाबले. दाबण्याचा आवाजही झाला नाही.

"दुखंल का त्याला?"

"न्हाय. नीज आल्यावानी असतं."

दुसरा डोळा मिटायच्या आधी तिने त्यांचा हात धरला. तिने पत्र्यावर ओठ टेकवल्यासारखे वाकून काही म्हटले. ते आम्हांला ऐकू आले नाही आणि ऐकायचेही नव्हते. मग तिने हात सोडला, आणि काकांनी दुसरा उंचवटा बसवला.

टाक सुलटा करून पाहण्यासाठी ती थांबली नाही. उठली, देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेतला, आणि आतल्या दाराशी उभ्या असलेल्या सुनेपुढे गेली. तिच्या कपाळाला बोट लावताना म्हातारीने कुंकू इतके घेतले, की ते भुवईपर्यंत ओघळले. सुनेने ते पुसले नाही, सावरलेही नाही. वाकून सासूच्या पायांना हात लावला.

मग म्हातारी उंबरा ओलांडून अंगणात आली. मुलगा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. तिने डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडे पाहिले, लांबून कोणी येताना दिसावे तसे.

"कवा आलास?" तिने विचारले.

त्या गोठ्यात कित्येक आठवडे काढलेला तो मुलगा दोन पावले पुढे झाला.

"आत्ताच, आई," तो म्हणाला.